हजार ग्रॅमचं वजन

हायड्रून एश्रिश आमच्या नेमबाजी मंडळात पहिल्यांदा आली ती पिस्तूल चालवायला नव्हे, नवऱ्याच्या हाताला फोड का येतो ते बघायला.

रायनरला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, दर शनिवारी अंगठ्याच्या बुडाशी फोड यायचा. तो पट्टी लावायचा आणि पुढच्या शनिवारी पुन्हा उभा राहायचा. त्यात विचारण्यासारखं काही आहे असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं. हायड्रून आली, भिंतीला टेकून उभी राहिली आणि तासभर त्याच्या हाताकडे बघत बसली. गोळी कुठे लागतेय याच्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

मंडळाचं स्वयंपाकघर आणि बियरचा नळ हे माझं खातं. नेमबाजीत माझी मजल शेवटून दुसऱ्या नंबराच्या पुढे कधी गेली नाही, त्यामुळे मी बहुतेक वेळ खिडकीतच असतो आणि मला सगळं दिसतं. त्या संध्याकाळी ती खिडकीशी आली. मी सॉसेजवर मोहरीचा सॉस घालून दिला. ती हातातच धरून तिने विचारलं, "उवे, ही पिस्तुलाची मूठ प्रत्येकाची वेगळी असते का?"

"नाही, सगळ्यांची सारखीच. कारखान्यातून येते ती."

"आणि हात?"

"हातही कारखान्यातूनच येतो," मी म्हणालो.

ती हसली नाही. विचार करत निघून गेली. पुढच्या शनिवारी ती एक निळा कागद घेऊन आली. हायड्रून दातांच्या कवळ्या बनवण्याचं काम करायची. कवळी कुठे टोचते हे बघायला जो रंगीत कागद दाताखाली चावायला देतात, तोच हा. तिने तो रायनरच्या पिस्तुलाच्या मुठीवर गुंडाळला आणि म्हणाली, "धर. नेहमीसारखं." कागद काढल्यावर लाकडावर एक निळा ठिपका उठला होता, जेमतेम वाटाण्याएवढा. तिने पर्समधून कानस काढली आणि तेवढाच भाग घासला. रायनरचा फोड गेला.

त्यानंतर काय विचारता. महिनाभरात निम्मं मंडळ तिच्यापुढे हात पसरून उभं. मूठ कुणाला सैल होती, कुणाच्या करंगळीला जागा नव्हती. जिथे कमी तिथे ती कवळीचा गुलाबी लगदा भरायची, जिथे जास्त तिथे घासायची. रायनरने पुढे नेमबाजी सोडली, त्याला जंगलात अळंबी शोधण्याचं वेड लागलं. ती मात्र राहिली. स्वतः बरी नेमबाज होती, फार नाही. तिला कोडी आवडायची.

नियमांकडे ती वळली ती लोथारमुळे. लोथार आमचा अध्यक्ष, टापटिपीचा माणूस. घरासमोरचं गवतसुद्धा दोरी लावून कापतो. त्याच्यासाठी तिने इतकी सुरेख मूठ केली की पिस्तूल हातात घेतल्यावर हातमोज्यासारखं बसायचं. जिल्ह्याच्या स्पर्धेत तपासणीच्या टेबलावरच ती मूठ बाद झाली. मनगट मोकळं दिसायला हवं, आणि ही मूठ मनगटावर चढत होती. लोथार चिडला. हायड्रून मात्र त्या म्हाताऱ्या तपासनिसाला चिकटली.

"मनगट मोकळं का हवं?"

"लिहिलंय म्हणून."

"लिहिणाऱ्याने का लिहिलं?"

"बाई, मागे रांग आहे."

ती नियमांचं पुस्तक घरी घेऊन गेली. पिस्तूल अमुक मापाच्या पेटीत बसलं पाहिजे. अंगठा वर उचलता आला पाहिजे, मुठीने तो कोंडून ठेवायचा नाही. बुटाने घोटा झाकायचा नाही. चापाने किमान इतकं वजन पेललं पाहिजे. लोक हे पाठ करतात किंवा विसरतात. ती प्रत्येक ओळीपाशी थांबायची आणि हे नसतं तर माणसांनी काय केलं असतं, ते ताडून बघायची. एकदा मला म्हणाली, "मनगट बांधलं ना उवे, तर हात थरथरणारच नाही. मग नेम माणसाने धरला की मुठीने, हे कळणार कसं? आता पटलं." पटलं तेव्हा लोथारची मूठ तिने स्वतःच्या हाताने पुन्हा कापली.

म्हातारा तपासनीस थकल्यावर जिल्ह्याची तपासणी तिच्याकडे आली. सात गावांची सात मंडळं, सगळी आमच्याच डोंगरातली. स्पर्धा ज्या गावात, तिथे ती आपली लाकडी पेटी आणि पितळी वजन घेऊन जायची. त्या वजनावर १००० असा आकडा ठोकलेला होता. दोन जर्मन्या एक व्हायच्या आधी आमच्याच एका लेथवाल्याने ते बनवलं होतं. खाली लोथारने चिकटवलेलं हिरवं मखमली कापड, टेबलाला ओरखडे पडू नयेत म्हणून.

चाप तपासायची रीत सोपी. पिस्तूल रिकामं, नळी वर. टेबलावरच्या वजनाची तार चापात अडकवायची आणि पिस्तूल सावकाश उचलायचं. वजन टेबलावरून उठलं आणि चाप सुटला नाही तर पास. टक्कन आवाज आला तर नापास. तीन संधी. चाप जितका हलका, तितकं नेमबाजाचं काम सोपं, म्हणून ही मर्यादा. हायड्रूनच्या टेबलावर वेळ मात्र फार लागायचा, कारण ती प्रत्येकाला काही ना काही विचारायची. "तू अंगठा असा का दुमडतोस? लहानपणी मोडला होता का?" तो खरंच मोडलेला असायचा. मग रांगेत त्याची कहाणी निघायची आणि मागचे लोक घड्याळं बघायचे.

आता पेगीचं सांगतो. पेगी लिंडिग गावांमधली बस चालवते. एखाद्याला खांद्यावर थापटून विचारावं की दुखतं का, तशी ती समोरच्याशी सरळ बोलते. मंडळाचं पिस्तूल ती वापरायची, स्वतःचं घेणं तिला परवडत नव्हतं. तिच्यासाठी हायड्रूनने त्या मुठीवर सगळा हिवाळा घालवला होता. चापाचा स्क्रू बरोबर लावून त्याच्या डोक्यावर गुलाबी वार्निशचा एक थेंब सोडला होता. कुणी स्क्रू फिरवला तर थेंब तडकणार.

त्या उन्हाळ्यात पेगी राज्याच्या स्पर्धेला सूलला गेली. मी गाडी चालवली, हायड्रून सोबत होती. पेगी इतकी चांगली खेळली की मी तिथल्या सॉसेजची माझ्या सॉसेजशी तुलना करायचंही विसरलो. दुसरा नंबर आला, म्हणजे म्युनिकच्या राष्ट्रीय स्पर्धेचं तिकीट. मग चिठ्ठ्या टाकून काही खेळाडूंची पिस्तुलं पुन्हा तपासायला बोलावतात, त्यात तिचं नाव निघालं. तिथले तपासनीस हेर ट्रोगर, 'हेर' म्हणजे आमच्याकडचं 'श्रीयुत', बारीक आवाजाचे, सगळ्यांना 'कृपया' म्हणणारे. त्यांनी वजन अडकवलं, उचललं. टक्. पुन्हा. टक्. तिसऱ्यांदा त्यांनी श्वास रोखून उचललं, इतकं हळू की पेगीच्या ओठांचा रंग गेला. टक्.

"मला वाईट वाटतं," हेर ट्रोगर म्हणाले, आणि खरंच वाटलं असावं. पेगीचं नाव यादीतून कटलं. स्पर्धेच्या आधी तिथलं वजन लावून बघायची सगळ्यांना मुभा होती. पेगीने लावलं नव्हतं. हायड्रूनने बघितलंय म्हटल्यावर आणखी काय बघायचं, असं तिला वाटलं होतं.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. मग मागच्या सीटवरून हायड्रूनने विचारलं, "पेगी, तू स्क्रू फिरवलास का?"

पेगी समोर बघत होती. "नाही."

"चुकून हात लागला असेल."

"नाही म्हटलं ना."

"म्हणजे पुसताना वगैरे—"

"उवे, इथे थांबव," पेगी म्हणाली. तिचं गाव अजून लांब होतं. मी थांबवलं. तिने बॅग काढली, पिस्तुलाची पेटी सीटवरच ठेवली आणि रस्त्याच्या कडेने चालायला लागली. मी मागून गाडी हळूहळू नेली तर तिने हातानेच सांगितलं, जा.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी घरी बटाट्याचे गोळे उकळायला टाकले होते तेवढ्यात हायड्रूनचा फोन. "मंडळात ये. किल्ली आण."

स्क्रूवरचा गुलाबी थेंब तिने भिंगाखाली धरला होता. "बघ."

"काय बघू?"

"तडा नाही. पेगीने हात लावलेला नाही." मग तिने आमचं पितळी वजन अडकवलं आणि उचललं. वजन उठलं. चाप सुटला नाही. पुन्हा उचललं. उठलं. तिने इतक्यांदा उचललं की मला बघवेना. "तिथे तीनदा सुटतो. इथे एकदाही नाही. पिस्तूल तेच. का?"

खरं सांगायचं तर तिच्या आवाजात दुःख होतंच, पण दुःखाच्या खाली काहीतरी सळसळत होतं. मांजराला भिंतीत उंदीर ऐकू आला की त्याचे कान जसे होतात, तसं.

पुढचा आठवडा माझ्या स्वयंपाकघराचा खेळखंडोबा झाला. थंडीने तेल घट्ट होतं का, म्हणून पिस्तूल बियरच्या फ्रीजमध्ये. उठलं. गाडीत ऊन लागलं असेल, म्हणून भट्टीच्या शेजारी. उठलं. चाप उघडून सगळा मळ साफ केला. उठलं. मग एका संध्याकाळी तिने तार चापाच्या मधोमध न अडकवता अगदी टोकाला अडकवली. टक्.

"अरे," ती म्हणाली. दाराची कडी बिजागरीपासून लांब असते तेव्हा दार बोटाने ढकललं तरी उघडतं, तसंच हे. टोकाला तेवढ्याच वजनाचा जोर जास्त पडतो. "त्यांनी तार टोकाला लावली असणार. नियमात मधोमध म्हटलंय."

"ट्रोगर? तो माणूस मीठसुद्धा मोजून घालत असेल."

"चुकतात माणसं," हायड्रून म्हणाली. तिने लगेच फोन केला. हेर ट्रोगर म्हणाले, शनिवारी या, कृपया वजनही घेऊन या.

शनिवारी सूलच्या रेंजवर माणसं नव्हती, फक्त पाखरांचा आवाज. हेर ट्रोगरनी टेबल मांडून ठेवलं होतं. हायड्रूनने आपलं म्हणणं सांगितलं. तिला वाद घालायचा होता, तयारी करून आली होती.

"फ्राउ एश्रिश," ते म्हणाले, "मी टोकाला लावली नव्हती असं मला वाटतं. पण मला वाटून काय उपयोग? तुम्हीच लावा. जिथे योग्य वाटेल तिथे."

तिने त्यांचं वजन घेतलं, तार अगदी मधोमध बसवली आणि उचललं. टक्. पुन्हा उचललं. टक्. तिने पिस्तूल खाली ठेवलं, पिशवीतून आमचं वजन काढलं आणि ते लावलं. वजन अलगद उठलं.

मी दाराशी उभा होतो. तिच्या पाठीवरूनच कळलं की तिला कळलं. दोन्ही वजनं शेजारी शेजारी उभी होती, दोघांवर १०००.

पिस्तुलं तोलायचा तराजू हेर ट्रोगरनी हळूच पुढे सरकवला, बशी सरकवावी तसा. आधी स्वतःचं वजन ठेवलं. बरोबर हजार. मग ते बाजूला झाले. आमचं हायड्रूनने स्वतः ठेवलं. नऊशे बहात्तर.

"एवढी वर्षं," हायड्रून म्हणाली, "मी याने सगळ्यांचं मोजलं. हे कधी मोजलंच नाही."

"आमच्याकडे तराजू आहे, म्हणून आम्ही मोजतो," हेर ट्रोगर म्हणाले.

"माझ्या कामाच्या टेबलावर आहे हो तराजू. कवळीच्या पावडरीसाठी. रोज हाताखाली असतो."

पेगीचा निकाल बदलणार नाही, हे त्यांनी अडखळत सांगितलं. पिस्तुलाची जबाबदारी खेळाडूची. हायड्रूनने मान हलवली. तिला तो नियमही ठाऊक होता आणि त्याचं कारणही.

परत येताना तिने मला बसच्या पहिल्या थांब्यावर सोडायला सांगितलं. "गाडीने पेगीच्या घरी सोडतो की," मी म्हणालो. "घरी ती दार उघडणार नाही. बसचं दार तिला उघडावंच लागतं," ती म्हणाली.

पुढचं तिनेच मला नंतर सांगितलं. पेगीने तिकीट दिलं, ओळख दाखवली नाही. चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटी आहे, म्हणून हायड्रून पहिल्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन बसून राहिली. एकेक गाव गेलं, पोरं चढली, उतरली, एक आजोबा कोंबड्यांचं खाद्य घेऊन चढले. शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली. पेगीने इंजिन बंद केलं.

"बोल."

हायड्रूनने पिशवीतून वजन काढून समोर ठेवलं. "हे अठ्ठावीस ग्रॅम कमी आहे. तुझं पिस्तूल मी यावर लावलं होतं. चूक माझी."

पेगीने वजन हातात घेतलं, तोललं. हातात काय कळणार. "का कमी आहे?"

"माहीत नाही अजून."

"म्हणजे शोधणार."

"हो."

पेगी बराच वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवत होती. "मला म्युनिकला जायचं होतं, हायड्रून. मी रजा टाकली होती. आईला सांगून झालं होतं."

"माहीत आहे."

"ते नाही राग येण्यासारखं. वजनं चुकतात. पण गाडीत तू मला विचारलंस, मी स्क्रू फिरवला का. एकदा नाही, तीनदा. तुझ्या डोक्यात पहिली मीच आले."

परतीच्या फेरीतही हायड्रून त्याच सीटवर बसली आणि उतरताना पेगी म्हणाली, "कळलं का कमी आहे ते, की सांग." इतकंच. पण ते सांग म्हणणं हायड्रूनने घरापर्यंत जपून नेलं.

कारण मात्र फार शोधावं लागलं नाही. तिने वजनाखालचं हिरवं कापड वाफेवर धरून सोडवलं. पितळेच्या बुडात एक भोक होतं, शिशाने भरलेलं. शिसं अगदी सपाट होतं आणि त्यावर पटाशीचे ओरखडे. मंडळात आम्ही तिघं होतो, ती, मी आणि लोथार.

लोथारने वाकून बघितलं आणि सहज म्हणाला, "ते मी काढलं."

"काय काढलंस?"

"शिसं बाहेर आलेलं होतं ना. असं, फुगवट्यासारखं. वजन डुगडुगायचं. कापड नीट बसेना. म्हणून मी सपाट केलं. नवं क्लबघर झालं त्या वर्षी." मग आमचे चेहरे बघून त्याचा आवाज उतरला. "केवढंसं तर होतं."

लेथवाल्याने ते शिसं मुद्दाम वर ठेवलं होतं. पितळ कमी पडलं असेल, म्हणून त्याने शिशाने हजाराचा हिशोब पुरा केला आणि डुगडुगण्याची पर्वा केली नाही. हायड्रून ते ओरखडे बोटाने चाचपत होती. मला वाटलं आता ती लोथारवर भडकेल. ती म्हणाली, "बघ ना, कुणीच वाईट वागलं नाही यात." आणि तिच्या चेहऱ्यावर तोच भाव, कोडं सुटल्याचा. मग तो हळूहळू गेला, कारण कोडं सुटलं तरी बाकी सगळं उरलंच होतं.

लोथारने खुर्ची ओढली. "हे बघ. आपण शिसं परत भरू. नीट हजार करू. बास. कुणाला सांगायचं कशाला? सगळ्यांचे चाप याच वजनावर लागलेत. सगळ्यांना सारखंच हलकं. कुणाचं नुकसान झालं?"

"पेगीचं."

"पेगी सोडून."

"वरच्या गावची, बर्न्डच्या मंडळातली माणसं. त्यांच्याकडे दुकानातून आणलेलं स्वतःचं वजन आहे. ते घरी लावून यायचे. म्हणजे त्यांचे चाप खरे हजाराचे. ते आपल्याशी किती वर्षं हरतायत?"

लोथारने भिंतीकडे पाहिलं. आमच्या भिंतीवर जिल्ह्याच्या ढाली ओळीने टांगलेल्या आहेत. तोच टांगतो त्या, पाणसळ लावून.

"ते काही अठ्ठावीस ग्रॅमने हरत नाहीत," तो शेवटी म्हणाला. "बर्न्डला दिसतच नाही नीट."

"असेल. पण हे मला ठरवता येत नाही, आणि तुलाही नाही," हायड्रून म्हणाली.

सातही मंडळांची बैठक आमच्याच क्लबघरात भरली. हायड्रूनने माझा बटाटे तोलायचा तराजू मागून घेतला. उभी राहिली, वजन ठेवलं आणि सगळं सांगितलं. पेगीचं काय झालं, तिने पेगीला काय विचारलं तेही. वजन कुणी कापलं ते सांगताना ती म्हणाली, "शिसं कधीतरी कापलं गेलं आहे." तिला नाव घ्यायचं नव्हतं. तेव्हा लोथार उठला. त्याने कोटाची बटणं लावली.

"मी कापलं. ते डुगडुगत होतं."

कुणीतरी हसलं, मग हसू आवरलं. वरच्या गावचा बर्न्ड, जाड चष्म्याचा, सावकाश बोलणारा माणूस, त्याने हात वर केला.

"म्हणजे आमची माणसं एवढी वर्षं उगाच जड चाप ओढत होती?"

"हो," हायड्रून म्हणाली.

"मी घरी पोरांना सांगत होतो, तुम्ही सराव करत नाही." त्याने वर केलेला हात खाली घेतला. "त्यांची माफी मागावी लागेल आता."

ढाली परत घ्यायच्या का, यावर बरीच घासाघीस झाली. बर्न्डच म्हणाला की नको, त्याच्याकडे भिंतीला जागा नाही. हायड्रूनने तपासणीचं काम सोडते असं सांगितलं, आणि मला वाटलं सगळे नको नको म्हणतील. तसं झालं नाही. हात वर झाले आणि काम बर्न्डकडे गेलं. तिला ते लागलं. मी खिडकीतून पाहिलं, तिने पेला उचलला आणि न पिताच ठेवला.

पण बैठक संपल्यावर कुणी घरी जाईना. प्रत्येकाला आपलं पिस्तूल बघायचं होतं. बर्न्डने गाडीतून स्वतःचं वजन आणलं आणि टेबलाभोवती गर्दी झाली. टक्. टक्. कुणाचं तरी वजन उठलं तर शंका यायची की याचं कसं काय. पेचकस हातोहात फिरत होते. मी दोनदा कोळसे घातले आणि सॉसेज संपली.

पेगी आली होती, शेवटच्या रांगेत बसून सगळं ऐकत होती. गर्दी ओसरल्यावर तिने मंडळाचं पिस्तूल हायड्रूनपुढे ठेवलं. "लाव नीट."

हायड्रूनने थेंब खरवडला, स्क्रू फिरवला, बर्न्डच्या वजनावर उचलून बघितलं. "आता तू बघ," ती म्हणाली. पेगीने तीनदा उचलून बघितलं, मग तार थोडी इकडे, थोडी तिकडे करून आणखी. हायड्रून हात मागे बांधून थांबली होती.

जड झालेला चाप पेगीला सगळा हिवाळा छळत होता. ओढायला जास्त जोर लागल्यावर हात खेचला जायचा आणि गोळी खाली डावीकडे जायची. शनिवारी दोघी एकत्र सराव करायच्या. बोलणं आधी फक्त पिस्तुलाबद्दल, मग बसच्या प्रवाशांबद्दल, मग पेगीच्या आईच्या गुडघ्याबद्दल. पुढच्या वर्षी सूलमध्ये तिचा पाचवा नंबर आला. म्युनिक नाही. परत येताना गाडीत ती मागे झोपून गेली आणि हायड्रूनने तिच्या डोक्याखाली आपलं जॅकेट सरकवलं.

बर्न्डने तपासणीचं काम अजून सोडलेलं नाही. त्याला दिसत कमी, म्हणून प्रत्येक पिस्तूल नाकाशी धरतो आणि रांग अंगणापर्यंत जाते. हायड्रून त्याच्याकडे कधीच परत मागायला गेली नाही. तिने दुसरंच सुरू केलं. निवृत्त होताना कवळ्यांच्या प्रयोगशाळेतला जुना तराजू तिने मागून घेतला, आणि आता रविवारी ती मंडळामंडळांत फिरून त्यांची वजनं तोलते. आपल्या जिल्ह्यातली झाली, मग शेजारच्या. लोक आधी कुरकुरले, आता केक करून ठेवतात. एका ठिकाणी वजनावरचा आकडाच खोटा निघाला, एका ठिकाणी आकड्याच्या खाचांत डिंक सुकून बसलेला. बऱ्याच जणांची बरोबर असतात, तेव्हा ती किंचित हिरमुसते असं मला वाटतं.

सध्या ती ऱ्योन डोंगरातल्या एका मंडळाच्या मागे लागली आहे. त्यांचं वजन हजाराहून बरंच जड आहे. जड. म्हणजे तिथली माणसं वर्षानुवर्षं गरजेपेक्षा जास्त ओढतायत आणि तरी दरवर्षी जिंकतायत. वजन ओतीव लोखंडाचं, भोक नाही, कापड नाही, रंग कधी दिलेला नाही. मी म्हणालो, बनवणाऱ्यानेच जड बनवलं असेल.

"का बनवेल?" ती म्हणाली.

गेल्या रविवारी मी तिला घेऊन गेलो होतो. बनवणाऱ्याची सून भेटली, ऐंशीच्या घरातली. हायड्रूनने तिला सासऱ्याबद्दल विचारायला सुरुवात केली आणि ती कॉफी ओतत सांगत बसली, त्यांना कुठलीच गोष्ट हलकी आवडत नसे, पाव असो की दार. अंधार पडायला लागला तरी दोघी उठेनात. मी गाडीत जाऊन बसलो.